विकाऊ घराची तसबीर

मराठीत 'स्थळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि अलीकडे दोन्ही अर्थांनी स्थळ आधी तसबिरीतच पाहिले जाते. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी या दोन प्रकरणांची सांगड उगाच घातलेली नाही. दोन्हीकडे मध्यस्थ असतो, दोन्हीकडे गुण सांगितले जातात, आणि दोन्हीकडे कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याआधी थोडी पावडर लागते. उपवर मुलामुलींच्या फोटोंवर विनोदी लेखकांनी दिवाळी अंकांची पुष्कळ पाने खर्ची घातली आहेत. मी आज दुसऱ्या स्थळाच्या फोटोची हकीकत सांगणार आहे. विकाऊ घराचे चित्र काढून ते गिऱ्हाइकापुढे ठेवण्याची ही कला आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात येऊन बसली असली, तरी तिचे मूळ कॅमेऱ्याहूनही जुने आहे.

चित्राच्या आधी अर्थातच शब्द होता. लंडनमध्ये जॉर्ज रॉबिन्स नावाचा एक लिलाववाला होऊन गेला. १८४७ साली तो वारला. घरे, जमीनजुमला आणि सरदारी वाड्यांतले सामान विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८४२ साली हॉरेस वॉलपोलच्या स्ट्रॉबेरी हिल या वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव त्यानेच पुकारला, आणि तो तब्बल २४ दिवस चालला. रॉबिन्सच्या जाहिराती लोक करमणूक म्हणून वाचत. त्याच्या नावावर एक गोष्ट सांगतात. एका बागाईत घराचे यथेच्छ वर्णन करून झाल्यावर त्याने लिहिले की, प्रामाणिकपणे दोषही सांगितले पाहिजेत. या घरात दोनच दोष आहेत. एक, गुलाबाच्या पाकळ्यांचा फार केर पडतो. आणि दुसरा, रात्री बुलबुलांच्या गाण्याने झोपमोड होते. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, धंद्याचे मर्म तिच्यात आहे. दोष असा सांगावा की ऐकणाऱ्याने तोच विकत घ्यावा.

परंतु चित्र आणि घर यांच्यातल्या अंतराची खरी कथा रॉबिन्सची नव्हे. ती आहे फॉन्टहिलची. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईलाही लागलेला आहे.

विल्यम बेकफर्ड हा इंग्लंडमधला त्या काळचा अतिश्रीमंत माणूस. बाप लंडनचा लॉर्ड मेयर. जमैकात उसाचे मळे, आणि त्या मळ्यांवर राबणारे शेकडो गुलाम. १७७० साली बाप वारला तेव्हा हा पोर जेमतेम नऊ वर्षांचा होता. एवढ्या वयात एवढी संपत्ती हाती आली म्हणजे माणूस काय करतो? बेकफर्डने पुस्तके जमवली, चित्रे जमवली, 'व्हाथेक' नावाची एक अद्भुत कादंबरी लिहिली, आणि १७९६ पासून विल्टशायर परगण्यात एक राक्षसी वाडा बांधायला घेतला. नाव फॉन्टहिल ॲबी, घाट जुन्या ख्रिस्ती मठाचा, आणि मधोमध अष्टकोनी मनोरा, सुमारे २७६ फूट उंच. शिल्पज्ञ जेम्स वायट हा हुशार, पण कामावर न फिरकणारा. आणि मालक उतावळा. मशालींच्या उजेडात रात्रपाळ्या चालत. १८०० साली काम चालू असतानाच मनोरा एकदा कोसळला. बेकफर्डने तो पुन्हा उभारायला लावला. शिकाऱ्यांनी आणि बघ्यांनी आत येऊ नये म्हणून त्याने भोवती बारा फुटी उंच भिंत घातली होती. ती कित्येक मैल लांब होती. झाले! जे दिसत नाही ते पाहण्याची हौस साऱ्या देशाला लागली. लोकांना तो वाडा ठाऊक होता तो चित्रांतून. थोर चित्रकार टर्नर याने त्याची जलरंगात चित्रे काढून १८०० साली लंडनला मांडली. दूर टेकडीवर धुक्यात उभा राहिलेला तो पांढरा मनोरा पाहून माणसे हरखून गेली.

पुढे साखरेचा भाव पडला, कर्ज वाढले, आणि १८२२ साली फॉन्टहिल विक्रीला निघाला. लिलावाची यादी एका गिनीला एक, आणि ती विकत घेणाऱ्यालाच वाडा पाहायला मुभा. ७२,००० याद्या खपल्या असे सांगतात. त्या उन्हाळ्यात आसपासच्या खानावळींत झोपायला जागा मिळेना. जॉन रटर आणि जॉन ब्रिटन या लेखकांनी वाड्याची वर्णने आणि कोरीव चित्रांनी भरलेली पुस्तके काढली. सारे इंग्लंड एका विकाऊ घराच्या चित्रांत बुडून गेले होते, असे म्हटले तरी चालेल. आणि ऐन लिलावाच्या तोंडावर बातमी आली की, लिलाव रद्द. वाडा खाजगी सौद्याने तीन लाखांवर पौंडांना गेला.

घेणारा कोण? जॉन फार्कर नावाचा एक म्हातारा स्कॉटिश. हा तरुणपणी कंपनी सरकारच्या चाकरीत कॅडेट म्हणून मुंबईला आला होता. इथे कमरेला जखम होऊन जन्माचा लंगडा झाला. मग बंगालमध्ये गेला, रसायनाचा नाद होता, त्यातून पलता येथील बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावर नेमला गेला, आणि दारूच्या मक्त्यावर लक्षाधीश होऊन विलायतेला परतला. पण राहणी अशी की, लंडनमधल्या त्याच्या घरात एक म्हातारी मोलकरीण तेवढी असे, आणि त्याच्या स्वतःच्या खोलीत केरसुणी फिरवायची तिलाही परवानगी नव्हती! ज्याने जन्मात स्वतःची खोली झाडू दिली नाही, त्याने इंग्लंडमधला सर्वांत देखणा वाडा घ्यावा, हा चित्रांचा प्रताप नव्हे तर काय? दुसऱ्या वर्षी, १८२३ साली, त्याने आतले सामान लिलावात काढले. त्या वेळी बाहेरून भलतेसलते सामान आणून वाड्याच्या नावावर खपवल्याचा बोभाटा झाला. घर सजवून दाखवण्यासाठी उसने सामान आणून मांडण्याची चाल आजची नव्हे, ती ही अशी.

आणि मनोरा? अशी आख्यायिका आहे की, बांधकामावर देखरेख करणाऱ्याने मरताना बेकफर्डजवळ कबूल केले की, मनोऱ्याखाली जो पाया घालायचा ठरला होता, तो घातलाच नाही. पैसे मात्र घेतले. बेकफर्डने ते फार्करला कळवले. फार्कर म्हणाला, माझ्या हयातीपुरता टिकेल की! तो टिकला नाही. २१ डिसेंबर १८२५ रोजी मनोरा खाली आला आणि पश्चिमेकडची बाजू घेऊन गेला. सहा-साडेसहा महिन्यांनी, १८२६ च्या जुलैत, फार्करही गेला. आज त्या जागी वाड्याचा एक लहानसा तुकडा तेवढा उभा आहे. रटर आणि ब्रिटन यांची पुस्तके मात्र शाबूत आहेत, त्यांतला मनोरा आजही सरळ आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. फोटोग्राफीच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. माणसाने कॅमेऱ्याने पहिल्यांदा टिपले ते काय? प्रेयसीचे मुख नव्हे, राजाचा मुखवटा नव्हे. टिपले ते घर. फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या माडीच्या खिडकीतून समोरची छपरे आणि भिंती पत्र्यावर उतरवल्या. इंग्लंडमध्ये टॅलबटने १८३५ च्या ऑगस्टमध्ये लेकॉक ॲबी या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे चित्र घेतले. कारण सोपे आहे. त्या काळी चित्र उमटायला मिनिटे, कधी तासही लागत. आणि तेवढा वेळ न हलता बसेल असे घरच.

पॅरिसच्या दागेरने १८३८ साली आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र घेतले. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, शेकडो माणसे होती. चित्रात यांपैकी काहीच नाही. जे हलत होते ते उमटलेच नाही. एक गृहस्थ बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता, तेवढा राहिला. इतिहासकार त्याला फोटोत आलेला पहिला माणूस म्हणतात. मला त्या चित्रात वेगळेच दिसते. पॅरिसमधल्या अत्यंत गोंगाटाच्या रस्त्यावरची घरे तिथे अशी शांत, प्रशस्त, निवांत दिसतात की, कोणाही दलालाने ते चित्र डोळे मिटून वापरावे. कॅमेऱ्याने एक अक्षरही खोटे लिहिले नाही, आणि वर्दळ मात्र साफ गाळून टाकली. टॅलबटला तर वाटत होते की, हे साधन पुराव्याच्या कामी येईल. आपल्या पुस्तकात त्याने चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या फळ्यांचा फोटो छापला आणि सुचवले की, उद्या ही भांडी चोरीला गेली तर कोर्टात हे चित्रच साक्ष देईल. साक्षीदार साधाभोळा, पण त्याला उभे कुठे करायचे ते वकिलाच्या हाती!

या साक्षीदाराला शिष्टाचार शिकवला तो 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाने. एडवर्ड हडसन या मुद्रकाने ते १८९७ च्या जानेवारीत काढले. (पुढे नवी दिल्ली बांधणारे लट्यन्स यांचा हा मोठा चाहता, लिंडिसफार्नचा पडका किल्ला विकत घेऊन त्याने तो त्यांच्याकडून राहण्याजोगा करून घेतला.) साप्ताहिकाच्या पुढच्या पानांवर विकाऊ वाड्यांच्या जाहिराती, आणि आतल्या पानांवर न विकाऊ वाड्यांवरचे विद्वत्तापूर्ण सचित्र लेख. वाचकाने आतले पाहून जीव टाकावा आणि पुढचे पाहून चेकबुक काढावे, अशी ती रचना होती. या लेखांसाठी चार्ल्स लेथम या छायाचित्रकाराने जे फोटो काढले, त्यांनी घर कसे दिसावे याचा एक नमुनाच पाडून दिला. फोटो काढण्याआधी खोलीतला पसारा हलवायचा, खुर्च्यांची जागा बदलायची, फुलदाणी हवी तिथे आणायची, आणि माणूस म्हणून एकही ठेवायचा नाही. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. पुढे त्या साप्ताहिकाच्या इतर छायाचित्रकारांनीही हाच कित्ता गिरवला.

यात थोडी कारागिरीही आहे, ती सांगतो. कारण आज फोनने घराचे फोटो काढणाऱ्या वाचकांना ती उपयोगी पडेल. उंच घर एका नजरेत यावे म्हणून आपण कॅमेरा वर तिरका करतो, आणि भिंती मागे झुकून वरच्या बाजूला एकमेकींना मिळू पाहतात; घर पडेल की काय असे वाटते. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात भिंगाची पाटी जागच्या जागी वर सरकवता येई. कॅमेरा सरळ, भिंग वर, भिंती ताठ. फोनवाल्याने एक जिना चढून समोरून फोटो घेतला तरी तेच साधते. दुसरी अडचण खिडकीची. खोली नीट दिसावी म्हटले तर खिडकी पांढरी फटफटीत होते. खिडकीबाहेरचे झाड दिसावे म्हटले तर खोलीत अमावास्या. त्यावर उपाय एकच, सकाळ-संध्याकाळचा मंद उजेड, आत-बाहेर सारखा झाला की साधायचा. आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर धरावा. डोक्यावरून धरला तर जमीनच जमीन दिसते, आणि गिऱ्हाईक फरशीचे तडे मोजू लागते.

इथवर झाले घर चांगले दिसण्याबद्दल. परंतु त्याच काळात तोच कॅमेरा घेऊन दुसरी काही माणसे घर वाईट दिसावे म्हणून हिंडत होती, आणि मला त्यांची हकीकत अधिक मोलाची वाटते. ग्लासगो शहरातल्या कोंदट बोळांतली घरे पाडायचे ठरले, तेव्हा ती पाडण्यापूर्वी टिपून ठेवण्याचे काम थॉमस ॲनन याला मिळाले. १८६८ ते १८७१ या काळात त्याने ते केले. बोळात उजेड इतका कमी की, दांडीवरचे कपडे हलून धुरासारखे उमटले आहेत, आणि मध्येच दारातून डोकावणारी पोरे भुतांसारखी अर्धवट दिसतात. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या बातमीदाराने १८८७ साली जर्मनीत निघालेल्या मॅग्नेशियमच्या भडक्याची बातमी वाचली आणि मध्यरात्री गरिबांच्या चाळींत शिरून तव्यावर ती भुकटी पेटवून फोटो घेण्याचा सपाटा लावला. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या एका खोलीत त्याच्याच भडक्याने भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला. त्याने ती आग कशीबशी विझवली आणि धापा टाकत पोलिसाला सांगितले. पोलीस हसला. तो म्हणाला, हे घर इतके घाण आहे की ते जळायचेच नाही! १८९० साली रीसचे पुस्तक निघाले, आणि १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये चाळींविषयीचा कडक कायदा झाला. त्याच्यामागे जी खटपट होती, तिच्यात या फोटोंचा वाटा मोठा आहे.

आपल्या मुंबईतही हे घडले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या वर्षभरात सरकारी कमिटीची माणसे घराघरांत शिरली. कौले काढून छपरे उघडी केलेली घरे, चुना मारणारे भिस्ती, रस्त्यावर काढून ठेवलेले संसार, या साऱ्यांचे फोटो तेव्हा काढले गेले आणि ते आज पाहायला मिळतात. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांच्या भिंतीवर 'यू. एच्. एच्.' अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत. ज्याच्या घरावर ती अक्षरे उमटली, त्याला ते वाचता येत नव्हते, पण अर्थ कळत होता. १८९८ साली मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याला आखीव प्लॉट पाडले. ज्या शहराच्या घरांचे फोटो ती वाईट म्हणून काढले गेले, त्याच शहरात पुढे घराच्या चौरस फुटाला सोन्याचा भाव यावा!

विसाव्या शतकात या कलेचा सम्राट म्हणावा असा माणूस अमेरिकेत झाला. ज्युलियस शुलमन (१९१० ते २००९). लॉस एंजलिसच्या टेकडीवर पिअर कोनिग या शिल्पज्ञाने बांधलेल्या काचेच्या घराचा त्याने १९६० साली घेतलेला फोटो आपण पाहिला नसला, तरी त्याची नक्कल कुठे ना कुठे पाहिलीच असेल. रात्रीची वेळ, कड्यावर अधांतरी लोंबणारी काचेची खोली, आत दोन तरुणी निवांत गप्पा मारीत बसलेल्या, आणि पायाखाली दिव्यांनी लखलखणारे सारे शहर. हे एका क्षणाचे चित्र नव्हे. शुलमनने आधी घरातला उजेड मालवून सात मिनिटे शहराचे दिवे प्लेटवर उतरवले, आणि मग भडक्याचे दिवे उडवून त्या तरुणी टिपल्या. खुर्च्या उसन्या आणलेल्या. घर अजून पुरते सजलेलेही नव्हते. बाग उगवली नसेल तिथे झाडाची तोडलेली फांदी भिंगापुढे धरायची, ही त्याची आवडती युक्ती होती. तो हे लपवीत नसे, हसत सांगे. हे फोटो विक्रीसाठी नव्हते, मासिकासाठी होते. परंतु पुढे जगभरच्या जाहिरातवाल्यांनी घर कसे दाखवावे ते यांच्यावरूनच उचलले.

मला हे सारे का सांगावेसे वाटते, याला एक घरगुती कारण आहे. पुण्यात पेठेत आमचा दोन चौकांचा वाडा होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा त्याच्या पहिल्या चौकात पुरुषभर पाणी चढले, आणि त्या पाण्याची रेघ पुढे तीस-बत्तीस वर्षे, कितीही चुना मारला तरी, भिंतीवर उमटून येई. १९९४ साली वाडा विकायचे ठरले. अमेरिकेतल्या एका गृहस्थांना जुने घर घेण्याची हौस होती, म्हणून थोरल्या काकांनी फोटोग्राफर बोलावला. मोठा कसबी माणूस. त्याने सकाळी सातला येऊन कामाला सुरुवात केली. दोरीवरचे कपडे गेले, जाते गेले, भिंतीवरची कॅलेंडरे गेली, काकूंची खाट आतल्या खोलीत गेली. रेघेपुढे त्याने तांब्या-पितळेच्या हंड्यांची उतरंड रचली. झोपाळा मात्र ठेवला. तो म्हणाला, "काका, झोपाळ्याला हात लावू नका. झोपाळ्यामुळे पेशवाई वाटते." चोवीस फोटो निघाले. वाडा इतका सुंदर असल्याची आम्हाला त्या दिवशी बातमी लागली.

अमेरिकेतल्या गृहस्थांचा विचार बदलला. वाडा घेतला तो एका इमारत बांधणाऱ्याने. काकांनी मोठ्या हौसेने फोटोंचे पाकीट त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते न उघडता बाजूला सारले आणि सिटी सर्व्हेचा उतारा मागितला. त्याला जागा हवी होती, घर नको होते. सहा महिन्यांत तिथे खड्डा झाला.

आज त्या वाड्याचे म्हणून आमच्याजवळ ते चोवीस फोटो आहेत. आमच्यापैकी कोणी त्याआधी घराचे असे फोटो काढलेच नव्हते. काढले ते मुंजीचे, बारशाचे, भिंती पाठीमागे अर्ध्यामुर्ध्या आलेले. त्यामुळे घर पाहायचे तर हेच पाहायचे, आणि यांत आम्ही कुठेच नाही. अकराव्या फोटोत, माजघराच्या दाराशी, लुगड्याच्या काठाची एक बोटभर पट्टी दिसते. काकू आड उभ्या होत्या, फोटोग्राफरला कळले नाही. आमच्या घरात तो फोटो सर्वांत जास्त हाताळला गेलेला आहे.

विलायतेतही असेच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडचे शेकडो सरदारी वाडे कर आणि खर्च न झेपून पाडले गेले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्या नष्ट वाड्यांचे एक प्रदर्शन भरवले. ढासळत्या खांबांवर फोटो लावलेले, आणि एकीकडे पाडलेल्या वाड्यांची नावे वाचणारा आवाज. जी घरे गेली ती आता राहिली आहेत ती अशा नीटनेटक्या, निर्मनुष्य तसबिरींतच.

या सगळ्या झिलईला कंटाळून उलटा मार्ग धरणारा एक दलालही लंडनला होऊन गेला. रॉय ब्रुक्स त्याचे नाव. १९७१ साली तो वारला. १९५० आणि १९६० च्या दशकांत रविवारच्या वृत्तपत्रांत तो घरांच्या जाहिराती देई, त्या दोषांच्या. छप्पर गळते, भिंतींना ओल आहे, सजावट किळसवाणी आहे, मालक विक्षिप्त आहे, असे सरळ छापी. लोक रविवारी सकाळी प्रथम त्याची जाहिरात वाचीत आणि सोमवारी त्याच्या दारात रांग लावीत. रॉबिन्स आणि ब्रुक्स यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. पण दोष विकण्याची विद्या दोघांनाही साधली होती. फरक इतकाच की, ब्रुक्सच्या घरी खरोखरच छप्पर गळत असे.

ब्रुक्स सगळीकडे कुठून मिळणार? म्हणून कायदे आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली खास घरांच्या खोट्या वर्णनाविरुद्ध कायदा झाला, आणि वर्णनात चित्रही धरले गेले. २०१३ साली तो रद्द होऊन ग्राहकांच्या सर्वसाधारण कायद्यांत विलीन झाला. आपल्याकडे २०१६ च्या 'रेरा' कायद्याचे बारावे कलम सांगते की, जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर किंवा नमुन्याच्या फ्लॅटवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान सोसले, तर बांधणाऱ्याने भरपाई द्यावी. गिऱ्हाइकाला बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत करावेत. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून अशा प्रकल्पांच्या जाहिरातीवर चौकटीचा क्यूआर कोडही छापावा लागतो. तो फोनला दाखवला की प्रकल्पाची सरकारदरबारची नोंद उघडते. जुने, राहते घर एकाकडून दुसऱ्याकडे जाते तिथे मात्र यातले फारसे लागू नाही. तिथे आपले डोळे आणि आपले पाय.

आणि आता तर शुलमनची फांदीही लागत नाही. रिकाम्या खोलीचा फोटो संगणकाला दिला की तो त्यात गालिचा अंथरतो, सोफा ठेवतो, खिडकीबाहेर आकाश निळे करतो, समोरची विजेची तार पुसून टाकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून असा नियम केला की, घराच्या जाहिरातीतले चित्र असे बदलले असेल तर ते बदलल्याचे सांगायचे आणि मूळ चित्रही पाहायला ठेवायचे.

आमची पुतणी गेल्या वर्षी पुण्यात जुना फ्लॅट शोधत होती. रोज रात्री फोनवर शंभर शंभर फोटो. प्रत्येक दिवाणखाना शनिवारवाड्याच्या दरबाराएवढा, प्रत्येक गच्चीत सूर्यास्त. त्यातल्या एका घरावर तिचे मन बसले, तेव्हा ती मला घेऊन ते पाहायला गेली. दिवाणखाना फोटोतल्यापेक्षा निम्मा निघाला. बाहेरचे झाड मात्र खरे होते. दलाल तिला स्वयंपाकघराच्या फरशीवर नैसर्गिक उजेड कसा पडतो ते दाखवीत होता. ती तशीच जिन्यात आली, वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या, त्यांना थांबवून तिने विचारले, "काकू, इथे पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी सहा ते साडेसात," बाई म्हणाल्या, "आणि गुरुवारी येतच नाही. या ना वर, चहा घ्या. आमचं घर बघा, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल."

आम्ही वर गेलो. तिथे दोरीवर कपडे होते.